काटा मधोमध

गाडी तापते, हे विकणाऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं. तो एक उंच, पाठीतून वाकलेला, हळू बोलणारा शिंपी होता. गाडीच्या दोन्ही सीटांची कातडी आवरणंही त्यानेच शिवली होती, आणि टाके असे सरळ होते की बोट फिरवत राहावं. "पूर्वी तापत नसे," तो म्हणाला. "आता तापते. तुम्ही बघा काय ते." किल्ली हातात दिल्यावर त्याने गाडीकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

थंडोबाला तो मोकळेपणा आवडला.

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फळांच्या एका मोठ्या शीतगृहात इंजिनिअर म्हणून त्याची उभी हयात गेली. तिथल्या हमालांनी त्याच्या माघारी ठेवलेलं ते नाव पुढे साहेबलोकांच्या तोंडी आलं, निरोप समारंभाच्या भाषणात आलं आणि तिथून घरी आलं ते कायमचंच. नावात खोटं काही नव्हतं. माणूस कधी तापत नसे. कंप्रेसर बंद पडून सफरचंदांनी भरलेली खोली गरम होऊ लागली आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली, की हा शांतपणे बाह्या दुमडत म्हणायचा, "उष्णता नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते. कुठे जातेय ते शोधा." आणि शोधल्यावर सापडायचं.

त्याची बायको शाळेत व्हायोलिन शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणे. तिच्या बोटांना मात्र जणू रक्ताचं वावडं होतं. जरा गार वारा सुटला की बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडत, मग निळी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हातमोजे दिले. हातमोजे घालून व्हायोलिन वाजवता येत नाही. एके दिवशी तिने ते पेटीत घालून कपाटावर ठेवलं आणि पुन्हा खाली काढलं नाही. त्याबद्दल ती रडगाणं गात बसली नाही. उलट पाहुण्यांना हसत सांगायची, "आयुष्यभर यांनी लोकांची सफरचंदं गार ठेवली. ती सवय घरी पण घेऊन आले."

गाडी त्यांच्या लग्नापेक्षा जुनी होती. दोनच सीटा, लांबलचक नाक, छप्पर मागे सारून उघडी करता येणारी, रंग राखाडीकडे झुकणारा निळा. ती दारात आली तेव्हा बाईंनी कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली.

"या वयात?"

"तरुणपणी घेता आली नाही," तो म्हणाला. "आता घेता आली, तर आत वाकून बसता येत नाही. पण जमेल."

पहिल्या आठवड्यात त्याने हात धुऊन त्या इंजिनाच्या मागे लागायचं ठरवलं. रेडिएटर उतरवून दोन्हीकडून पाणी सोडून धुतला. पाण्याचा पंप नवा, पंख्याचा पट्टा नवा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी बसवलेलं एक छोटं दार. पाणी पुरेसं तापलं की ते आपोआप उघडतं आणि पाण्याला रेडिएटरकडे सोडतं. तो त्याने स्वयंपाकघरातल्या पातेल्यात, थर्मामीटर धरून, हळूहळू तापत जाणाऱ्या पाण्यात तपासला. बरोबर ब्याऐंशी अंशांना दार उघडलं. "बघ, कसं फूल उमलल्यासारखं," तो बायकोला म्हणाला. बाईंनी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि ते पातेलं आता त्यानेच घासायचं, असं बजावलं.

सपाट रस्त्यावर गाडी झकास चालली. गावाबाहेर पाण्याच्या टाकीची टेकडी होती. तिच्या चढाला लागताच समोरच्या पट्टीवरचा, इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा सरकू लागला, मधलं घर सोडून तांबड्याकडे निघाला, आणि पहिल्या वळणापुढे बॉनेटच्या फटींतून वाफ आली.

गाडी निववून त्याने ती परत आणली, तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर वर्कशॉप असलेला मेकॅनिक, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, तो हात पुसत बाहेर आला.

"हीटर पूर्ण सोडा, साहेब. इंजिनाची गरमी आत येईल. पायाशी भट्टी पेटेल, पण इंजिन वाचेल."

"ती तात्पुरती युक्ती झाली. दोष कुठे आहे?"

"दोष?" वस्तादने डोकं खाजवलं. "तुम्ही सगळं तर नवं घातलंय. आता दोष असलाच तर तुमच्यात किंवा माझ्यात."

एका ढगाळ दुपारी बाई स्वतःहून म्हणाल्या, "चला, मला तरी दाखवा तुमची ही सवत." दोन स्वेटर, मफलर, हातमोजे असा जामानिमा करून त्या शेजारच्या सीटवर बसल्या. तो टेकडीकडे जाणार नव्हता. पण त्याच म्हणाल्या, "वरून गाव दिसतं ना? तिथे न्या."

चढ लागला. त्याची एक नजर रस्त्यावर आणि एक काट्यावर. काटा मधोमध होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. काटा तसूभर हलला नाही, जणू कोणी तिथे रंगवून ठेवला होता. टेकडीच्या माथ्यावर त्याने गाडी उभी केली आणि मोठ्याने हसला.

"पट्टा! नव्या पट्ट्याला बसायला वेळ लागतो. आता बसला."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी हातमोजा काढला होता आणि त्या आपला तळहात उलटसुलट करून पाहत होत्या. मग त्यांनी तो त्याच्या गालावर ठेवला.

"बघा."

तळहात गरम होता. ऊन खाऊन आलेल्या माणसाचा असतो तसा. इतक्या वर्षांच्या संसारात हा हात त्याने कधी असा अनुभवला नव्हता. 

दुसऱ्या दिवशी तो एकटाच टेकडीवर निघाला. पहिल्या वळणाला वाफ.

तो चिडला नाही. त्याने वस्तादला शेजारी बसवून नेलं. त्याच जागी वाफ. "माझ्या वजनाने तापली असं म्हणू नका," वस्ताद पोट सावरत उतरला आणि बाटलीतलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. मग थंडोबाने पुन्हा बाईंना नेलं, आणि काटा मधोमध. घरी आल्यावर त्यांना उतरवून त्याने बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवर हात ठेवला. एवढा चढ चढून आलेल्या इंजिनाचा रेडिएटर चटका देणारा हवा. तो कोमट होता. खालची नळी तर जवळपास गारच. म्हणजे उष्णता पाण्यात उतरत नव्हती, पंख्याच्या वाऱ्याने उडत नव्हती. मग कुठे जात होती?

त्याने बॉनेट लावलं. त्याच वेळी घरातून एक सूर आला.

आधी एक तार, मग दुसरी. खुंट्या पिळल्याचा कुरकुर आवाज. मग गज लागला. सुरुवातीला चाचपडत, दोनदा अडखळत, आणि मग एकदम, बांध फुटावा तसं वाजू लागलं. तो आत गेला नाही. गॅरेजच्या पायरीवर, हाताला ग्रीस तसंच ठेवून, बसून राहिला. कपाटावरची पेटी तिने कशी खाली काढली असेल, स्टुलावर चढून की काय, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. आवाज थांबला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

त्यानंतर ते रोज फिरायला जाऊ लागले. काय करणार? ज्या गोष्टीने बायको पुन्हा वाजवू लागली, ती गोष्ट समजली नाही म्हणून कोण बंद करेल? संध्याकाळच्या उजेडात टेकडी, परत येताना नदीकाठचा रस्ता, मग घरी व्हायोलिन. गल्लीतल्या दोन मुली शिकायला येऊ लागल्या. बाईंच्या गालांवर रंग आला. मफलर सुटला, मग स्वेटर सुटले. लोक म्हणत, गाडी यांनी घेतली आणि तरुण बाई झाल्या.

बारीकसारीक गोष्टी त्याच्या नजरेत यायच्या. त्यांच्या हातातला चहा गार होत नसे. गप्पा मारत अर्धा अर्धा तास कप धरून बसत, आणि शेवटच्या घोटातूनही वाफ निघे. रहदारीत गाडी अडकली की काट्याकडे न पाहताच त्या म्हणत, "जरा चढलं, नाही?" आणि काटा खरंच केसभर वर गेलेला असे. मग त्या मान मागे टाकून दीर्घ श्वास घेत, मानेवरचा घाम पुसत, आणि काटा हळूच खाली येई.

"तुला कसं कळतं?" त्याने एकदा विचारलं.

"भूक लागली की कळत नाही का?" बाई म्हणाल्या. "तसंच."

मग त्याला ताप आला. साधाच, ऋतू बदलताना येतो तो. पण अंगात त्राण नव्हतं आणि गाडी काही दिवस जागची हलली नाही. एका सकाळी बायकोने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो दचकून उठून बसला. त्याला तो स्पर्श ओळखीचा होता. शीतगृहाच्या आतल्या दाराला एक पोलादी कडी होती. नव्या माणसाला तिला उघड्या हाताने धरू नको म्हणून सांगावं लागे. तो स्पर्श तसा होता. आणि गारठा आता बोटांपुरता राहिला नव्हता. तो मनगटाच्या वर, कोपरापर्यंत चढला होता. बाईंचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

"मला नेता का जरा फिरवून?" त्यांनी विचारलं. मागत असल्यासारखं नाही, लाजत असल्यासारखं.

अंगावर शाल ओढून तो गॅरेजमध्ये गेला. शेजाऱ्यांची मांजर बॉनेटवर पोट टेकून झोपली होती, चारी पाय सैल सोडून. त्याने तिला उठवलं नाही. तिच्या शेजारी पत्र्यावर हात ठेवला. पत्रा उबदार होता. आत वाकून पाहिलं. हा जुन्या पद्धतीचा काटा विजेवर चालत नसे. इंजिनातून आलेल्या एका बारीक नळीने तो हलायचा, त्यामुळे किल्ली लावलेली नसली तरी खरं तेच सांगायचा.

काटा मधोमध होता.

ताप उतरल्यावर तो शिंप्याकडे गेला. एकटाच, बसने.

शिंप्याचं दुकान खाली आणि घर वर होतं. दुपारचं रणरणतं ऊन होतं, रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत होतं. वरच्या खोलीत मात्र खिडक्या बंद, आणि कोपऱ्यात विजेची शेगडी लाल होऊन पेटलेली. तिच्यासमोर आरामखुर्चीत रजयांची एक गुंडाळी होती. त्या गुंडाळीला चेहरा आहे हे त्याला जरा उशिराने दिसलं.

"माझी बहीण," शिंपी म्हणाला. "तिला जरा थंडी वाजते."

"गाडी..." थंडोबाने सुरुवात केली. "तुम्ही म्हणालात, पूर्वी तापत नसे."

"ही बसायची ना बरोबर."

शिंप्याने हे अगदी सहज सांगितलं. शेगडीची तार कुरकुरत होती. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

"मला वाटलं, विकली की सुटका होईल तिची," शिंपी खाली बघत म्हणाला. "तसं झालं नाही."

"मग परत घ्या. मी घेऊन येतो. आजच आणतो."

शिंप्याने बहिणीकडे पाहिलं. रजयांमधून आवाज आला, सर्दी झाल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"नको दादा. तिथे आता जागा नाही."

मग तिने थंडोबाकडे मान वळवली आणि हसली. गोड हसली, लग्नघरात ओळख काढून बोलावं तशी.

"तुमच्या मिसेस छान वाजवतात हो."

व्हायोलिनचं त्याने या घरात अवाक्षर काढलं नव्हतं. तो जिना उतरून रस्त्यावर आला तेव्हा ते भाजणारं ऊन त्याला बरं वाटलं.

घरी येऊन त्याने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि सांगितलं, गाडी बंद. कारण सांगितलं नाही. काय सांगणार होता? ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक गोष्टीचं कारण शोधलं, त्याला बायकोसमोर नुसतं "माझं ऐक" म्हणावं लागलं.

बाई आधी हसल्या, मग रागावल्या. "इतक्या वर्षांनी माझी बोटं माझी झालीत. आणि तुम्हाला ते बघवत नाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

संध्याकाळी त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी पुन्हा कपाटावर गेली. जेवताना चमचा ताटावर थरथरत होता. त्याने उशाशी शेगडी लावली, गरम पाण्याच्या पिशव्या भरल्या, त्यांच्या पायांना तेल चोळलं. त्याच्या हातांची ऊब त्या पायांत जाई आणि कुठे मुरे ते कळत नसे. ओतत राहावं आणि भांडं भरू नये, तसं.

तीनचार दिवसांनी तो बाजारातून परतला तर घर उघडं होतं आणि बाई घरात नव्हत्या. हाका मारल्या. गॅरेजचं दार आतून लोटलेलं होतं.

बाई गाडीत, आपल्या सीटवर, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. अंगावर साधी सुती साडी. गाल लाल. गॅरेजमध्ये उबदार होतं, माणसांनी भरलेल्या खोलीत असतं तसं. किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने कापडावरूनच ती चाचपली.

"काय करतेयस?"

"काही नाही. नुसती बसलेय." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "चालवायलाच पाहिजे असं कुठाय?"

त्याने त्यांना हाताला धरून उतरवलं. त्या मुकाट्याने उतरल्या. पण सीटवरून उठताना त्या क्षणभर अडकल्या, पदर कशाला तरी अडकावा तशा. पदर मोकळा होता.

त्या दुपारी त्याने निर्णय घेतला. शीतगृहात एखादी झडप बंद होईनाशी झाली की तिच्याशी झटत बसायचं नसतं. सरळ यंत्र मारायचं, म्हणजे प्रवाह आपोआप थांबतो. गाडी विकून उपयोग नव्हता. ते शिंप्याच्या त्या खोलीत त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. इंजिनच मारायला हवं होतं. आणि पाण्याशिवाय कुठलंही इंजिन जगत नाही.

जेवून बाई आडव्या झाल्या. "वस्तादकडे जाऊन येतो," तो म्हणाला. त्यांनी हुंकार दिला.

गॅरेजमध्ये तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. निचऱ्याच्या दोन पितळी तोट्या होत्या, एक रेडिएटरच्या तळाला आणि एक इंजिनाच्या कुशीत. पकडीने त्याने दोन्ही सोडल्या. हिरवट पाणी टबात पडलं, धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. तोट्या त्याने उघड्याच ठेवल्या. एक थेंबसुद्धा आत राहायला नको होता.

मग त्याने गाडी काढली आणि टेकडीचा रस्ता धरला.

काही मिनिटांचं काम होतं. आधी ठोके येतील, मग ताकद जाईल, मग सगळं एकमेकांत जाम होऊन बसेल. त्याला त्या सुंदर यंत्राची दया आली, तरी त्याने पाय दाबला. पहिलं वळण. दुसरं. इंजिन शिवणयंत्रासारखं एका सुरात चालत होतं.

काटा मधोमध होता.

पाणी नसेल तर काटा खोटंही बोलू शकतो, हे त्याला ठाऊक होतं. नळीचं टोक कोरड्या हवेत लोंबत असतं, ते काय सांगणार? म्हणून माथ्यावर त्याने गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि श्वास रोखून उघडा तळहात थेट इंजिनाच्या डोक्यावर ठेवला.

हात ठेवता आला. कितीही वेळ ठेवता आला असता.

त्याने रेडिएटरचं झाकण फिरवून आत बोट घातलं. बोट ओलं बाहेर आलं. तळाशी चमचाभर पाणी चमकत होतं, आणि खालच्या तोटीतून एकेक थेंब मातीवर पडत होता. एवढ्याशा पाण्यावर हा चढ चढता येत नाही. कोणतीही गाडी चढू शकत नाही. एवढी उष्णता पेटली होती, ती नाहीशी तर झालेली नव्हती.

आणि मग तो स्वतःचंच वाक्य पुरतं आठवून जागच्या जागी थिजला. प्रत्येक वळणावर त्याने किती जोरात पाय दाबला होता!

त्याने इंजिन बंद केलं. उतारावरून गाडी नुसती सोडली, हात ब्रेकवर. खाली सपाट रस्त्यावर नाइलाजाने पुन्हा सुरू केली आणि चालत्या माणसाच्या वेगाने, मागच्यांचे हॉर्न खात, गाडी हळुवार घरापर्यंत आणली. पेडलवर पाय ठेवायची त्याला भीती वाटत होती. झोपलेल्या माणसाच्या छातीवर पाय ठेवल्यासारखं वाटत होतं.

गॅरेजमध्ये गाडी लावून तो घरात धावला.

अंथरूण रिकामं होतं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता.

बाई ओट्याशी उभ्या होत्या. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. तांब्या नळाखाली धरून भरत होत्या, तोंडाला लावत होत्या, घटाघटा रिकामा करत होत्या, पुन्हा नळाखाली धरत होत्या. ओट्यावर, जमिनीवर, साडीवर पाणी सांडलेलं. त्याला पाहून त्या ओशाळं हसल्या.

"काय तहान लागलीय हो. तुम्ही गेल्यापासून." तांब्या तोंडाला लावला, खाली केला. "भागतच नाहीये."

"बास कर. अगं, बास. पोटात दुखेल."

"पोटात राहतंय कुठे?" त्या म्हणाल्या. आवाजात आता पहिल्यांदा भीती होती. "सगळं वाहून जातंय."

त्याने त्यांच्या हातातला तांब्या धरला. त्यांनी तो सोडला नाही. तांब्यासाठी त्या लहान मुलासारख्या झटल्या, आणि त्या झटापटीत, क्षणभर दोघंही थांबले तेव्हा, त्याला तो दुसरा आवाज ऐकू आला.

पाणी पडत होतं. गॅरेजमध्ये.

तो मागच्या दाराने गेला. गाडीखालून एक धार निघाली होती. थेंब नव्हे, धार. जमिनीवरून वाट काढत ती उंबऱ्यापर्यंत पोचली होती. हिरवट नाही. पाणी स्वच्छ होतं, पिण्याच्या पाण्यासारखं.

त्याने पक्कड उचलली, पाठीवर झोपला आणि आत सरकला. पाणी कॉलरमधून मानेखाली गेलं. कोमट होतं.

रेडिएटरची तोटी त्याने बंद केली.

आतला नळ वाहतच होता.

चाचपडत त्याने दुसरी तोटी शोधली, इंजिनाच्या कुशीतली. पक्कड लावली आणि अंगातल्या सगळ्या ताकदीनिशी पिळली. धार बारीक झाली. थांबली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

कुठेच काही आवाज नव्हता. तो तसाच पडून राहिला, धापा टाकत, पक्कड तोटीवर आवळून धरलेली.

मग त्याला पावलं ऐकू आली. ती मागच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. गाडीखालून त्याला फक्त बायकोची ओली पावलं दिसत होती, एकाशेजारी एक, शांत.

"अहो," ती म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात. "एवढी घट्ट आवळू नका ना. दुखतंय."